कीर्द, खतावणी आणि गणकयंत्र

जुन्या पेढीवर दोन वह्या मुख्य मानल्या जात. एक कीर्द आणि दुसरी खतावणी. दिवसभरात जो व्यवहार होईल तो ज्या क्रमाने झाला त्याच क्रमाने कीर्दीत लिहावयाचा आणि मग त्यातील प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवावयाची, असा शिरस्ता होता. कीर्द काळाच्या ओघाने चालते, खतावणी माणसांच्या नावांनी. अमक्या दिवशी काय घडले हे पाहावयाचे असेल तर कीर्द उघडावी. अमक्याकडे येणे किती आहे हे पाहावयाचे असेल तर खतावणी. कीर्द लिहिणे सोपे, परंतु तिच्यातून एका गिऱ्हाइकाचा हिशेब वेचून काढणे कष्टाचे. खतावणी पाहणे सोपे, परंतु ती रोजच्या रोज पुरी करणे कष्टाचे. या दोन वह्यांची जोड कशी घालावी, यातच पेढीवरील गुमास्त्याचे कसब दिसे.

विसाव्या शतकात हिशेबाचे काम वहीतून यंत्रात गेले, तेव्हा हा जुना प्रश्नही त्याबरोबर यंत्रात गेला. गणकयंत्राची, म्हणजे आज ज्याला संगणक म्हणतात त्याची, कथा सांगताना बहुधा त्याच्या आकडेमोडीच्या वेगाचे कौतुक केले जाते. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु कारखाना, बँक, विमा कंपनी किंवा रेल्वे यांची खरी अडचण बेरजा-वजाबाक्यांची नव्हती. त्या कारकून करीतच होते. लक्षावधी नोंदी कोठे ठेवावयाच्या, आणि त्यांतील हवी ती नोंद हवी तेव्हा कशी काढावयाची, ही त्यांची अडचण होती. म्हणून व्यापारी गणकयंत्राचा इतिहास हा मुख्यतः साठवणुकीचा इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेच्या खानेसुमारीत झाला. १८८० च्या खानेसुमारीत सुमारे पाच कोटी माणसांची नोंद झाली आणि तिचे सारे आकडे हाताने लावून प्रसिद्ध करण्यास सात-आठ वर्षे लागली. पुढची खानेसुमारी १८९० ची. लोकसंख्या तर सव्वासहा कोटींवर गेलेली. जुन्याच रीतीने काम चालविले असते तर एका खानेसुमारीचा हिशेब संपण्यापूर्वी दुसरी येऊन उभी राहिली असती. हर्मन हॉलरिथ नावाच्या तरुण इंजिनिअराने यावर तोड काढली. आगगाडीतील तिकीट तपासनीस प्रवाशाचे रंगरूप तिकिटाच्या कडेला ठरावीक जागी भोके पाडून नोंदवितो, हे त्याने पाहिले होते. म्हणजे तेच तिकीट दुसऱ्याने वापरू नये. हॉलरिथने प्रत्येक माणसासाठी एक जाड कागदाचे कार्ड केले आणि वय, जन्मस्थान, धंदा वगैरे गोष्टी त्यावर भोकांच्या रूपाने नोंदविल्या. कार्ड यंत्राखाली ठेवले की त्यावर बारीक सळ्यांची रांग उतरे. जेथे भोक असेल तेथे सळी आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे, विजेचे मंडल पुरे होई आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके.

ही युक्ती खानेसुमारीपुरती राहिली नाही. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेने मालवाहतुकीच्या हिशेबासाठी ती उचलली. हॉलरिथने १८९६ साली काढलेली कंपनी १९११ साली दुसऱ्या कंपन्यांत मिळाली आणि त्या एकत्रित संस्थेने १९२४ साली आय. बी. एम. हे नाव धारण केले. १९२८ साली या कंपनीने ऐंशी स्तंभांचे, चौकोनी भोकांचे कार्ड बाजारात आणले. एका कार्डावर फार तर ऐंशी अक्षरे मावत. पुढील चाळीस वर्षे जगातील मोठ्या कचेऱ्यांचा कारभार या कार्डांवर चालला.

हिशेबनिसाच्या दृष्टीने कार्डाचा गुण हा की, ते सुट्या पानांची वही होते. गठ्ठा तारखेच्या क्रमाने लावला की त्याची कीर्द झाली. तोच गठ्ठा खातेक्रमांकाने लावला की खतावणी. हे लावण्याचे काम यंत्र करी. शिवाय जेथे ताबडतोब उत्तर हवे असे, तेथे कार्डे हौदासारख्या उघड्या पेट्यांत उभी ठेवीत. मालाची मागणी आली की कारकून हौदातून त्या गिऱ्हाइकाचे व त्या त्या मालाचे कार्ड काढी, बिल छापून घेई आणि कार्डे पुन्हा आपापल्या जागी ठेवी. कार्ड चुकीच्या जागी पडले तर ते हरवल्यासारखेच. दुसरी अडचण जागेची होती. मोठ्या विमा कंपनीच्या कोट्यवधी कार्डांना इमारतीचे मजलेच्या मजले लागत, आणि पॉलिसीचा हप्ता वर्षानुवर्षे येत राहणार असल्यामुळे जुने कार्ड टाकूनही देता येत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेवर चालणारी गणकयंत्रे आली. लंडनमध्ये चहा व केक विकणाऱ्या लायन्स कंपनीने आपले स्वतःचे लिओ नावाचे यंत्र बांधून नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीच्या मालाचे मूल्यमापन त्यावर सुरू केले. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या खानेसुमारी खात्याने एकर्ट आणि मॉकली यांचे युनिव्हॅक हे यंत्र स्वीकारले. त्यात अंतर्भागातील कारागिरीइतकीच नवी गोष्ट होती ती त्याची फीत. अर्धा इंच रुंद, निकेलचा मुलामा दिलेल्या धातूची ही फीत एका रिळावर गुंडाळलेली असे आणि एका रिळात दहा लाखांहून अधिक अक्षरे मावत. जे बारा-तेरा हजार कार्डांवर लिहावयाचे, ते एका हातात धरता येऊ लागले. पुढच्याच वर्षी आय. बी. एम. ने प्लॅस्टिकची चुंबकीय फीत आणली. १९५४ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने लुइव्हिल येथील आपल्या कारखान्यात युनिव्हॅक बसवून कामगारांचे पगारपत्रक त्यावर काढले. खाजगी उद्योगात असे यंत्र बसविण्याचा हा अमेरिकेतील पहिला मोठा प्रयोग होय.

फितीने जागेचा प्रश्न सोडविला, पण वहीचा प्रश्न उलट बिकट केला. फीत पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंतच वाचता येते. तिच्यावर खाती क्रमाने मांडलेली असली तरी मधलेच एक खाते पाहण्यासाठी आधीची सारी फीत उलगडावी लागते. म्हणजे मांडणी खतावणीची, पण वाचन कीर्दीचे! एका गिऱ्हाइकाची शिल्लक पाहण्यासाठी हजारो गिऱ्हाइकांची फीत फिरवणे परवडणारे नव्हते. म्हणून एक नवी शिस्त जन्माला आली. दिवसभराच्या नोंदी साठवून ठेवावयाच्या. संध्याकाळी त्या खातेक्रमांकाप्रमाणे लावून एका फितीवर घ्यावयाच्या. मग एका बाजूला जुन्या खात्यांची फीत, दुसऱ्या बाजूला दिवसाच्या नोंदींची फीत, अशा दोन्ही एकदमच वाचीत जाऊन तिसऱ्या कोऱ्या फितीवर नवी खाती लिहावयाची. ज्या खात्यात काही घडलेच नाही, तेही जसेच्या तसे उतरून काढावयाचे. सकाळी कचेरी उघडे तेव्हा काल रात्रीपर्यंतची छापील यादी टेबलावर आलेली असे.

या पद्धतीत एक मोठा गुण होता आणि तो अनायासे मिळालेला होता. नवी फीत तयार झाली तरी जुनी तशीच राही. कचेरीतील मंडळी या फितींना आजोबा, बाप आणि मुलगा म्हणत. मुलगा म्हणजे आजची फीत, बाप कालची, आजोबा परवाची. आजची फीत बिघडली तर बापाची फीत आणि काल आलेल्या नोंदी घेऊन मुलगा पुन्हा घडविता येई. म्हणून निदान तीन पिढ्या जपून ठेवण्याचा नियम पडला. खाते चुकले तर ते कोठे चुकले हे मागे जाऊन पाहता येत असे.

पण त्याची किंमत होती. यंत्राच्या वेळेचा मोठा वाटा नुसत्या नोंदी क्रमाने लावण्यातच खर्ची पडे. व्यापाराचा दिवस फितीच्या रात्रीला बांधला गेला. दुपारी दारात आलेल्या गिऱ्हाइकाला त्याचा या क्षणाचा हिशेब सांगणे अशक्य झाले. जे सांगता येई ते काल रात्रीचे. गोदामात माल संपला आहे हे कळेपर्यंत त्या मालाची विक्री कबूल झालेली असे. जुन्या पेढीवरचा गुमास्ता खतावणीचे पान उघडून जे क्षणात सांगू शके, ते हे महागडे यंत्र सांगू शकत नव्हते. आणखी एक गोष्ट अशी की, कार्डावरचे भोक डोळ्यांना दिसे. फितीवर काहीच दिसत नसे. तपकिरी रंगाची एक पट्टी, आणि तिच्यात कोणाच्या तरी आयुष्याची विमापॉलिसी. हिशेब-तपासनिसांना आणि जुन्या कारकुनांना तिचा भरवसा वाटेना, यात नवल नाही.

या अडचणीवरचा उपाय कॅलिफोर्नियातील सॅन होजे या गावी निघाला. त्या काळी ते मुख्यतः फळबागांसाठी प्रसिद्ध होते. जानेवारी १९५२ मध्ये आय. बी. एम. ने रेनॉल्ड जॉन्सन याला तेथे एक छोटी प्रयोगशाळा काढण्यास पाठविले. जॉन्सन मूळचा मिशिगन राज्यातील शाळामास्तर. विद्यार्थ्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा विजेच्या साह्याने वाचून गुण देणारे यंत्र त्याने शोधले होते आणि त्यामुळेच तो या कंपनीत आला होता. नोट्रे डेम अॅव्हेन्यूवरील एका भाड्याच्या इमारतीत त्याने काम सुरू केले. त्याच सुमारास अमेरिकेच्या विमानदलास आपल्या पुरवठा-गोदामांसाठी असे यंत्र हवे होते की, हजारो सुट्या भागांपैकी कोणत्याही भागाची शिल्लक ताबडतोब सांगता यावी. जॉन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांपुढे कार्डांच्या हौदाचे चित्र होते. हौदात हात घालून कारकून जसे हवे ते कार्ड उचलतो, तसे यंत्राने करावे, एवढाच प्रश्न होता. पण तो सोपा नव्हता.

फीत, पिंप, तारा, दांडे असे नाना आकार त्यांनी विचारात घेतले आणि अखेर ग्रामोफोनच्या तबकडीसारखी सपाट तबकडी निवडली. ग्रामोफोनची सुई जशी उचलून हव्या त्या गाण्यावर ठेवता येते, तसेच येथे करावयाचे होते. तबकडीला दोन्ही बाजू असतात आणि अनेक तबकड्या एकावर एक रचता येतात, म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ पृष्ठभाग मिळतो. पण त्या पृष्ठभागावर चुंबकीय लेप सारखा बसेना. जेकब हागोपियन या सहकाऱ्याने लोहभस्म मिसळलेला रंग रेशमी मोज्यातून गाळून घेतला आणि फिरत्या तबकडीच्या मध्यभागी कागदी पेल्यातून ओतला. तबकडीच्या फिरण्यानेच तो कडेपर्यंत सारखा पसरला. दुसरी अडचण लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या शीर्षाची. ते तबकडीच्या अगदी निकट हवे, परंतु तिला टेकता कामा नये. टेकले तर लेप खरवडून निघेल. विल्यम गॉडर्ड व त्याच्या सोबत्यांनी शीर्षातून दाबाखालची हवा सोडून त्याला केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर तरंगत ठेवले. फेब्रुवारी १९५४ मध्ये कार्डावरील मजकूर तबकडीवर लिहून परत वाचण्यात त्यांना यश आले.

या खटपटीतून जे यंत्र बाहेर पडले त्याचे नाव रॅमॅक. त्यातील साठवणीचे कपाट माणसाच्या उंचीएवढे होते आणि त्याचे वजन सुमारे एक टन भरे. आत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एका उभ्या दांड्यावर मिनिटास बाराशे वेळा फिरत. शीर्षांची एक जोडी एका बाहूवर बसविलेली असे. तो बाहू खाली-वर सरकून हवी ती तबकडी गाठी आणि आत शिरून हवी ती रेषा पकडी. या साऱ्याला सरासरी सेकंदाच्या सहा दशांशाएवढा वेळ लागे. साठवण पन्नास लाख अक्षरांची, म्हणजे भरगच्च भरलेल्या ६२,५०० कार्डांएवढी. जून १९५६ मध्ये पहिले यंत्र सॅन फ्रान्सिस्को येथील झेलरबाक कागद कंपनीकडे गेले आणि सप्टेंबरमध्ये त्याची जाहीर घोषणा झाली. यंत्राचे भाडे महिना ३,२०० डॉलर होते. १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात रॅमॅक दहा भाषांतून प्रेक्षकांच्या इतिहासविषयक प्रश्नांची उत्तरे देत होते. १९६१ पर्यंत अशी हजारावर यंत्रे तयार झाली.

रॅमॅकमुळे यंत्राला खरी खतावणी मिळाली. नोंद येताक्षणी ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवावी, मागची शिल्लक वाचावी, तिच्यात जमा-नावे करून नवी शिल्लक त्याच जागी लिहावी. रात्रीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. याचा सर्वांत मोठा लाभ विमान कंपन्यांना झाला. तोपर्यंत अमेरिकन एअरलाइन्सच्या कचेरीत प्रत्येक उड्डाणाची कार्डे फिरत्या पेटीत ठेवलेली असत आणि भोवती बसलेले कारकून त्यावर राखीव जागांच्या खुणा करीत. १९५२ साली त्यांनी चुंबकीय पिंपाचे एक यंत्र आणले. ते शिल्लक जागा मोजी, पण प्रवाशाचे नाव मात्र कार्डावरच राही. मग आय. बी. एम. शी मिळून या कंपनीने सेबर नावाची यंत्रणा उभारली. न्यूयॉर्कजवळील ब्रायरक्लिफ मॅनर येथे दोन मोठी गणकयंत्रे, त्यांच्या जोडीला पिंपे व तबकड्या, आणि देशभरच्या कचेऱ्यांत टेलिफोनच्या तारांनी जोडलेली उपकरणे, असा तिचा विस्तार होता. १९६४ साली ती पूर्णपणे चालू झाली. खिडकीवरच्या माणसाला प्रवासी समोर उभा असतानाच जागा आहे की नाही हे सांगता येऊ लागले.

परंतु येथेच एक नवा धोका उभा राहिला. फितीच्या पद्धतीत जुनी फीत शिल्लक राही. तबकडीवर मात्र नवी शिल्लक जुन्या शिल्लकेच्याच जागी लिहिली जाते. जुना आकडा पुसला जातो. गुमास्त्याने खतावणीतील आकडा खोडून त्यावरच दुसरा गिरवावा आणि कीर्द मुळी ठेवूच नये, असा हा प्रकार झाला. दोन कचेऱ्यांतून एकाच वेळी शेवटची एकच जागा मागितली गेली तर ती कोणाला द्यावयाची? एका खात्यातून शंभर रुपये वजा झाले आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली तर ते शंभर रुपये गेले कोठे? पेढीवर असा प्रसंग आला तर कारकून आठवून सांगे, कीर्द दाखवी. यंत्राला आठवण म्हणजे तबकडीवर जे लिहिलेले असेल तेवढीच. ज्याचे पैसे आहेत त्या माणसाच्या दृष्टीने हा प्रश्न तांत्रिक नव्हे, विश्वासाचा होता.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढची वीस वर्षे गेली. जनरल इलेक्ट्रिकमधील चार्ल्स बाकमन याने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तबकडीवरील नोंदी एकमेकींशी साखळीने जोडण्याची पद्धत बसविली. आजवर माहिती यंत्राभोवती फिरत होती, यापुढे यंत्राने माहितीभोवती फिरावे, असा विचार त्याने १९७३ साली एका गाजलेल्या व्याख्यानात मांडला आणि त्यासाठी कोपर्निकसचा दाखला दिला. त्यापूर्वीच, १९७० साली, सॅन होजे येथेच काम करणारा मूळचा इंग्रज गणिती एडगर कॉड याने निराळा मार्ग दाखविला होता. माहिती तबकडीवर कोठे व कशी ठेवली आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने फक्त रकान्यांच्या सारण्यांत पाहावे आणि काय हवे ते सांगावे, असे त्याचे म्हणणे. त्या कल्पनेवर सॅन होजेच्या प्रयोगशाळेत १९७४ पासून एक प्रायोगिक यंत्रणा उभी राहिली आणि त्या कामात जिम ग्रे हा तरुण शास्त्रज्ञ होता.

ग्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अर्धवट व्यवहाराच्या प्रश्नाला शिस्त लावली. व्यवहार एक तर पूर्ण व्हावा, नाही तर मुळीच झाला नाही असे व्हावे. मधली अवस्था कोणाला दिसता कामा नये. दोघांनी एकच खाते मागितले तर एकाने दुसऱ्याचे काम संपेपर्यंत थांबावे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, तबकडीवरील खात्याला हात लावण्यापूर्वी काय बदल करावयाचा आहे हे एका निराळ्या, क्रमाने वाढत जाणाऱ्या नोंदीत आधी लिहावयाचे. त्या नोंदीत फक्त शेवटी भर पडते. मागचे काही खोडले जात नाही. मध्येच यंत्र बंद पडले तर पुन्हा सुरू होताना ते ही नोंद वाचते, पुरे झालेले व्यवहार पुन्हा खतावते आणि अपुरे राहिलेले मागे घेते. म्हणजे काय? तर आधी कीर्द, मग खतावणी! १९७० नंतरच्या दशकात अनेक मोठ्या यंत्रणांत ही नोंद चुंबकीय फितीवरच लिहीत. जिला तबकडीने बाजूला सारले होते, तीच फीत कीर्द म्हणून परत आली.

हे साम्य केवळ उपमेचे नाही. ग्रे याने १९८१ सालच्या आपल्या निबंधात हिशेबनिसांच्या जुन्या नियमांचा स्पष्ट उल्लेख केला. मातीच्या विटांवर किंवा कागदावर हिशेब लिहिणाऱ्यांनी वहीतील नोंद कधी बदलू नये; चूक झाली तर ती दुरुस्त करणारी नवी नोंद करावी, हा दंडक पाळला. तबकडीवर जागच्या जागी आकडा बदलण्याच्या सोयीने आपण तो दंडक मोडीत आहोत, अशी शंका त्याने उपस्थित केली. या कार्याबद्दल त्याला १९९८ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. ज्या गोष्टीसाठी गणकशास्त्रातील सर्वोच्च सन्मान द्यावा लागला, तिचे बीज प्रत्येक पेढीवरच्या कीर्दीत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतातही हा बदल हळूहळू आला. मुंबईत एस्सो या तेल कंपनीने १९६१ साली आय. बी. एम. चे १४०१ हे यंत्र बसविले. व्यापारी कामासाठीचे ते देशातील पहिले गणकयंत्र मानले जाते. पुढे विमा महामंडळात अशी यंत्रे येऊ लागली तेव्हा कर्मचाऱ्यांनी, विशेषतः कलकत्त्यास, तीव्र विरोध केला. ज्या खतावण्या शेकडो माणसे लिहीत, त्या एका कपाटात गेल्यावर त्या माणसांचे काय, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. त्याचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्याकडे होते आणि तिचा अहवाल १९७२ साली बाहेर पडला. १९८५ नंतर रेल्वेच्या आरक्षणाचे काम यंत्रावर जाऊ लागले. त्यापूर्वी एकेका गाडीचे रजिस्टर एकेका खिडकीशी बांधलेले असे आणि दुसऱ्या गाडीचे तिकीट हवे असेल तर दुसऱ्या रांगेत उभे राहावे लागे. जी सोय सेबरने विमानप्रवाशांना दिली, तीच येथे सामान्य उतारूला मिळाली: कोणत्याही खिडकीवरून कोणतीही गाडी.

त्यानंतरची प्रगती वेगाची आहे, पण तत्त्वाची फारशी नाही. १९६१ साली प्रत्येक पृष्ठभागास स्वतंत्र शीर्ष मिळाले. १९६२ साली तबकड्यांचा संच यंत्रातून काढून बदलता येऊ लागला. १९७३ साली तबकड्या व शीर्षे एकाच बंद पेटीत घालण्याची पद्धत आली आणि ती आजही चालू आहे. १९८७-८८ साली बर्कले येथील संशोधकांनी अनेक लहान व स्वस्त तबकड्या अशा रीतीने एकत्र बांधावयास शिकविले की, त्यांतील एक निकामी झाली तरी मजकूर जात नाही. जपानमधील फुजिओ मासुओका याने १९८० नंतरच्या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीत तर फिरणारा भागच नाही. रॅमॅकच्या एक टनी कपाटात पन्नास लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या तबकडीयंत्रात वीस लाख कोटी अक्षरे मावतात.

आणि तरीही फीत गेलेली नाही. २७ फेब्रुवारी २०११ रोजी गूगल कंपनीच्या टपालसेवेत नव्या आज्ञावलीतील दोषामुळे काही ग्राहकांची सारी पत्रे दिसेनाशी झाली. त्यांचे प्रमाण शेकडा दोन शतांशाएवढेच होते, परंतु ज्यांची पत्रे गेली त्यांच्या दृष्टीने सर्वस्व गेले. या पत्रांच्या प्रती कंपनीने वेगवेगळ्या ठिकाणच्या तबकड्यांवर ठेवलेल्या होत्या. दोषाने त्याही ग्रासल्या, कारण एका जागी झालेला बदल आपोआप दुसरीकडे उतरत होता. अखेर पत्रे परत मिळाली ती चुंबकीय फितींवरून. फडताळात ठेवलेल्या, कोणत्याही तारेला न जोडलेल्या त्या रिळांपर्यंत तो दोष पोहोचू शकला नव्हता. आज कचेऱ्यांतील खाती दुरून कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या चोरांचा सुळसुळाट झाला आहे. त्यांच्यापासून बचाव करणाऱ्या उपायांत, यंत्रापासून वेगळी काढून ठेवलेली प्रत हाच उपाय अग्रभागी सांगितला जातो.

खतावणी हरवली तर कीर्दीवरून ती पुन्हा लिहून काढता येते. कीर्द हरवली तर खतावणीवरून ती लिहिता येत नाही. कारण खतावणी कोणाचे किती एवढेच सांगते. ते कसे झाले हे कीर्दच सांगू शकते. हे प्रत्येक जुन्या गुमास्त्याला ठाऊक होते. म्हणून पेढीला आग लागली तर आधी कोणती वही उचलावयाची, याचा त्याला विचार करावा लागत नसे. गणकयंत्राला ही गोष्ट शिकण्यास सुमारे तीस वर्षे लागली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाटावर जी नवी वही मांडली जाते तिच्या जागी आज पुष्कळ ठिकाणी यंत्रच ठेवलेले दिसते. त्या यंत्राच्या पोटात, कोणाला न दिसता, कीर्द आणि खतावणी या दोन्ही वह्या अजून जुन्याच क्रमाने लिहिल्या जात आहेत.